सुपातला फोन

एकांत आणि नेटवर्क

परवा शाळेत एक पत्रक आलं. ज्यांच्या मनावर ताण असेल त्यांनी फोनवरून समुपदेशकाशी बोलावं, बोलताना एकांतात बसावं आणि नेटवर्क चांगलं असेल अशी जागा निवडावी. मी ते वाचलं आणि एवढ्या मोठ्याने हसले की मुख्याध्यापकांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. एकांत आणि नेटवर्क, दोन्ही एकदम! मोखाड्याच्या ज्या पाड्यात मी नांदते तिथे या दोनपैकी एक मिळालं तरी माणूस खूश असतो.

हे लिहायला बसले ते त्या पत्रकाच्या रागाने. मला फोनवरच्या उपचारांनीच बरं केलं, त्यामुळे मी त्यांच्या विरुद्ध बोलणारी नाही. पण ते उपचार माझ्या कानापर्यंत पोहोचायला काय काय करावं लागलं, ते पत्रक काढणाऱ्यांना माहीत नसणार. गोष्ट दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांतली आहे. आमचा जिल्हा तेव्हा ठाणेच होता. मी आज ठणठणीत आहे, शिकवते, भांडते, आणि जिच्या जन्मानंतर हे सगळं झालं ती रसिका आता माझ्यापेक्षा उंच आहे. तुम्ही स्वतः यातून जात असाल तर एवढं आधी नीट वाचून घ्या आणि मग पुढे चला.

पोट भरलेल्या बाईचा आजार

माझं माहेर जव्हार तालुक्यातलं साखरशेत. घरी भात आणि नाचणी. आश्रमशाळेत शिकले, डी.एड. केलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. काशिनाथ माझ्याच आश्रमशाळेतला, पुढच्या वर्गातला. तो एसटीत कंडक्टर झाला. आम्ही एकमेकांना नावाने हाक मारतो, ती लग्नाआधीची सवय आहे आणि सासूला ती अजून आवडलेली नाही.

रसिका झाली तेव्हा चांगली वजनदार होती. नर्सबाईंनी तिला उचलून सगळ्यांना दाखवली. सासू एवढी खूश, की दवाखान्यातून घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला तिने पोरीचं वजन सांगितलं. आणि मी घरी आले त्या दिवसापासून रडत होते.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, अशक्तपणा आहे. मलाही तेच वाटलं. पण अशक्त माणसाला झोप येते, मला येईना. पोर झोपली तरी मी छताकडे बघत पडून राहायची. ती माझ्याकडे बघून हसायला लागली आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी वाटायचं, ही कोणाची आहे, हिला माझ्याकडे का ठेवलीय? भात गिळता येईना. शाळेत रुजू झाल्यावर फळ्यावर बेरीज लिहिली आणि पुढे काय करायचं तेच सुचेना. खडू हातात धरून उभी राहिले. पहिलीची पोरं बिचारी गप्प बसून राहिली.

आणि मग विहिरीची भीती सुरू झाली. पाड्याच्या विहिरीला कठडा नाही. रसिकाला घेऊन तिथून जाताना मला दिसायचं, की ती माझ्या हातातून सुटली. डोळ्यांसमोर दिसायचं. हातापायांना कापरं भरायचं. मी त्या वाटेने जायचंच बंद केलं आणि कोणालाही कारण सांगितलं नाही.

बघायला येणाऱ्या बायका मात्र बोलायच्या. "तुझी पोर गुटगुटीत, नवरा सरकारी, तू सरकारी. तुना कसला आला रडू?" एकीने तर स्पष्टच सांगितलं, की हा पोट भरलेल्या बाईचा आजार आहे, आमच्या पोरी उपाशी बाळंत झाल्या त्या कुठे वेड्या झाल्या?

तेव्हा मी मान खाली घालून ऐकलं. आज ऐकणार नाही. मी आश्रमशाळेत होते तेव्हा वावर-वांगणीला कुपोषणाने पोरं गेली, सगळ्या राज्यात बोभाटा झाला, गाड्या भरून साहेब आले. पोरांची वजनं झाली, दंडांची मापं झाली. त्यांच्या आयांना कोणी विचारलं होतं का, की बाई, तुला झोप येते का? कोणी विचारलं नाही, म्हणून त्या वेड्या झाल्या नाहीत असं आपण म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मला त्या बोलण्याची चीड आली होती आणि अजून आहे.

नाशिक

एक दिवस मी काशिनाथला म्हणाले, मी नसले तर पोरीचं बरं होईल. तो जेवत होता. ताट तसंच सारून उठला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून मला नाशिकच्या गाडीत बसवलं. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याने पुढची सीट ठेवली होती. मोखाड्यापासून त्र्यंबकपर्यंत रसिका झोपली आणि मी रडले, आणि काशिनाथ दर वळणाला आम्हा दोघींवर हात आडवा धरत होता.

डॉक्टरबाई साध्या होत्या. त्यांना सर्दी झाली होती, मध्येमध्ये नाक पुसत होत्या, त्यामुळे मला त्यांची भीती वाटली नाही. त्यांनी विचारलं, "स्वतःचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले. काशिनाथ शेजारच्या खुर्चीत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला.

बाई म्हणाल्या, "हे बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे. पुष्कळ बायकांना होतं. बरं होतं."

तुम्हाला वाटेल मला हायसं वाटलं. मला राग आला. पुष्कळ बायकांना होतं, त्याला नावसुद्धा आहे, आणि मला एकानेही सांगितलं नव्हतं! विहिरीचं मात्र मी त्या दिवशी बाईंना बोलले नाही. ते तोंडातून निघेना.

काही दिवस त्यांनी मला दवाखान्यात ठेवून घेतलं. सकाळी चहा, मग गोळ्या, मग नर्स येऊन झोप झाली का विचारायची, आणि झाली नाही म्हटलं तर रागवायची नाही. शेजारच्या खाटेवर सिन्नरकडच्या एक बाई होत्या. त्या कोणाशी बोलायच्या नाहीत, पण रोज सकाळी माझ्या मागे येऊन बसायच्या आणि केस विंचरून घट्ट वेणी घालून द्यायच्या. मला आयुष्यात कोणी एवढं हळू विंचरलं नव्हतं. दूध पाजायची वेळ झाली की आयाबाई रसिकाला आणून मांडीवर द्यायच्या आणि "तुझीच आहे गं, घे" म्हणायच्या. ते वाक्य मला औषधासारखं लागलं.

घरी सोडताना बाई म्हणाल्या, गोळ्या अर्धं काम करतील, उरलेलं बोलण्याने होईल, दर आठवड्याला या. मी आणि काशिनाथने एकमेकांकडे पाहिलं. दर आठवड्याला, अंगावरचं पोर घेऊन, घाटातून, दोघांच्या रजा काढून? पावसात तर घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. बाईंच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "फोन आहे ना तुमच्याकडे? मग दर रविवारी फोनवर बोलू. फक्त एकांतात बसून बोला."

फोन आमच्याकडे नव्हता. मी "हो" म्हणाले.

काचेची खोली

मोखाड्याच्या स्टँडजवळ एक एसटीडी बूथ होता. पिवळी पाटी, आत काचेची एवढीशी खोली, लाल आकड्यांचं मीटर. खोलीत पंखा होता पण तो फिरत नव्हता, त्यामुळे दाराला वीट लावून दार उघडं ठेवलेलं असायचं. वीट काढून दार लावलं तर आत जीव घुसमटायचा आणि बाहेरचे लोक काचेतून आणखीच टक लावून बघायचे. बाईने दार लावलं म्हणजे नक्कीच काहीतरी भानगड.

त्यात लाइन खरखरायची. बाईंना ऐकू जावं म्हणून ओरडावं लागायचं. आता विचार करा, जे सांगताना तोंडातून आवाज निघत नाही ते सांगायचं, आणि तेही ओरडून. बाहेर लोक नंबर लावून उभे. कोणी भिवंडीच्या वीटभट्टीवरच्या मुकादमाला फोन लावायला आलेला, कोणी गुजरातेतल्या भावाला. मी म्हणायचे, "बाई, मला रडू येतं," आणि मागून आवाज यायचा, "ताई, आटपा जरा."

तरीही ते रविवार मला धरून होते. बाई फार काही सांगायच्या नाहीत. विचारायच्या आणि थांबायच्या. मग मीच बोलायचे. पावसात कित्येकदा लाइनच मेलेली असायची आणि मी तशीच भिजत परत यायचे. त्या आठवड्यात घरात माझी चिडचिड वाढायची. पण हळूहळू मला झोप लागायला लागली. फळ्यावरची बेरीज पूर्ण व्हायला लागली.

अर्धं बोलणं

एका रविवारी मी ठरवून गेले, की आज विहिरीचं सांगायचंच. लाइन नेहमीपेक्षा वाईट होती. मी एकदा हळू सांगितलं, बाई म्हणाल्या ऐकू येत नाही. पुन्हा सांगितलं, तरी नाही. मग मी डोळे मिटले आणि ओरडले, "बाई, मला वाटतं माझ्या हातून पोर विहिरीत पडेल!"

बाईंनी विचारलं, "तसं करावंसं वाटतं, की तसं होईल याची भीती वाटते?"

"भीती वाटते."

"मग हा तुमचा बेत नाही, आजाराचा विचार आहे. अशा वेळी तुम्ही तिला सोडता की घट्ट धरता?"

मी आठवून पाहिलं. मी तिला इतकं घट्ट धरायचे की ती रडायची. बाई म्हणाल्या, बघा, तुमचे हात काय करतात ते बघा. कोणीतरी सोबत असू द्या, गोळी चुकवू नका, आणि करावंसं वाटायला लागलं तर त्याच दिवशी गाडीत बसून या. मी हलकी होऊन बाहेर आले. वाटेत बोरं घेतली, इतक्या महिन्यांत मला काहीतरी खावंसं वाटलं होतं.

पण फोनची गंमत अशी आहे, की माझं ओरडणं सगळ्या स्टँडने ऐकलं आणि बाईंचं उत्तर फक्त माझ्या कानात राहिलं. काशिनाथला ते त्याच्याच गाडीत कळलं. तो तिकिटं फाडत होता आणि मागच्या सीटवर दोन बायका बोलत होत्या, की अमक्या पाड्याची मास्तरीण स्वतःची पोर विहिरीत टाकणार आहे, फोनवर कोणाला तरी सांगत होती. एकीने 'भुताळी' हा शब्द वापरला. भुताळी म्हणजे चेटकीण. शहरात हा शब्द गोष्टीतला वाटेल. आमच्याकडे तो ज्या बाईला चिकटतो तिला गाव सोडावं लागतं, कधी त्याहून वाईट होतं.

मी घरी पोहोचले तेव्हा बातमी माझ्याआधीच पाड्यात पोहोचली होती आणि रसिकाची झोळी रिकामी होती. सासू रसिकाला घेऊन शेजारी थोरल्या दिरांच्या घरी गेली होती.

मी धावत गेले. सासू ओट्यावर पोरीला छातीशी धरून बसली होती. ती वाईट बाई नाही, हे मी तेव्हाही जाणून होते. ती म्हणाली, "तू आजारी हायस, मना ठाव हाय. पण पोर तुझ्याकडं ठेवून मी झोपू कशी?"

त्या दिवसापासून दूध पाजायची वेळ झाली की ती रसिकाला आणायची, माझ्या मांडीवर ठेवायची आणि समोर बसून राहायची. तिची नजर माझ्या हातांवर. पोट भरलं की पोर उचलून न्यायची. आयाबाईंचं "तुझीच आहे गं" मनात घोळवत मी रिकाम्या मांडीकडे बघत बसायचे. नैराश्य काय असतं ते मला आधी कळलं होतं, पण अपमान त्या आठवड्यात कळला.

काशिनाथ म्हणाला, "ते फोन बंद कर. गोळ्या आहेत ना?"

मी म्हणाले, "पोर नेली ती नेली. फोनही घेतला तर मी उरतेच कशाला?" पुढच्या खेपेला तो डेपोतल्या एका ड्रायव्हरचा जुना मोबाइल घेऊन आला. पाड्यात रेंज नव्हती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी त्याने तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "बूथवर नको जाऊस. दुसरं काही बघू."

भगत

सासूने आपल्या परीने उपाय शोधला होता. आजार, भूतबाधा उतरवणाऱ्या लहानू भगताला बोलवायचं. मी शिकलेली, शाळेत अंधश्रद्धेवर धडा शिकवणारी. मी नाही म्हणाले. तेव्हा ती म्हणाली,

"तुझी ती कसली डाक्टरीन? भगत घरी येतो, आपल्या अंगणात बसतो, आपला भात खातो. समद्यांदेखत इचारतो, समद्यांदेखत सांगतो. तुझ्या बाईचा तोंड कोणी पघलाय? ती काय सांगते ते कोणी आयकलाय? चोरून बोलायचा तो कसला औषध?"

आमच्याकडे भगत बसतो त्याची एक रीत आहे. मधे सूप ठेवतात, सुपात तांदूळ. आजारी माणूस एकटा कधीच नसतो, घरचे, भावकीतले, शेजारचे सगळे गोल करून बसतात. भगत विचारतो आणि मग डोळे मिटून गप्प होतो. त्या गप्पपणात आजारी माणसाने बोलायचं असतं. सूप उचलेपर्यंत कोणी उठत नाही, पाणी प्यायलासुद्धा. नाशिकच्या बाईंचा नियम होता एकांत, आणि सासूचा नियम होता सगळ्यांसमोर. मी मधे सापडले होते. दोन दिवस विचार केला आणि माझं डोकं फिरलं ते कायमचं फिरलं, चांगल्या अर्थाने. मी काय चोरी केली होती? लपवून लपवून शेवटी सगळ्यांनी अर्धंच ऐकलं होतं. मग आता पूर्ण ऐका.

मी सासूला म्हणाले, "आई, बसू. पण भगतापुढे नाही. माझ्या बाईंपुढे. जसे भगताला ऐकता तसे समदे बसा आणि बाईंना ऐका. त्यानंतर पोर द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा."

काशिनाथला वाटलं मी चेष्टा करतेय. सासूने मात्र बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "भात खाईल का ती?"

"फोनमधून कशी खाईल?"

"मग निदान तांदूळ तरी ठेवू," ती म्हणाली.

माळावर

पाड्याच्या वर माळ आहे. तिथल्या एका कातळावर मोबाइलला थोडी रेंज यायची. दोन पावलं इकडेतिकडे झालं की गेली. टॉवर नसतानाही लोक त्या कातळाला टावरच म्हणायचे. रविवारी सकाळी सगळे वर चढले. सासू, जाऊ, थोरले दीर, भावकीतली म्हातारी माणसं, ज्या बायकांनी मला नावं ठेवली होती त्याही. लहानू भगतही आला. दुसरा भगत कसा बसतो ते त्याला बघायचं होतं. रसिका सासूच्या पाठीला फडक्याने बांधलेली होती.

सासूने कातळावर सूप ठेवलं, त्यात तांदूळ पसरले, वर एक नारळ ठेवला आणि मला म्हणाली, "ठेव." मी नंबर लावला, आवाज बाहेर येण्याचं बटण दाबलं आणि फोन तांदळांवर ठेवला.

"नमस्कार मंजुळा. कशा आहात? एकट्या आहात ना?"

"नाही बाई. आज सगळा पाडा आहे."

"सगळा म्हणजे?"

"सासूबाई, काशिनाथ, भावकी. आणि आमचे भगत."

"मंजुळा, हे तुमच्या मनाने चाललंय की कोणाच्या दबावाने?"

"माझ्या मनाने. मीच बोलावलंय."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज गोंधळलेला होता, पण त्या मागे हटल्या नाहीत. "मग सगळ्यांना माझा नमस्कार." आणि सगळ्या माळाने शाळेतल्या पोरांसारखा एका सुरात नमस्कार केला.

बाईंनी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. लहानू शेजारच्याला म्हणाला, "मीबी पयला झोपच इचारतो." लोक सरकून जवळ आले. बाईंनी सांगितलं, की हा आजार बाळंतिणीला होतो, त्यात बाहेरचं काही नाही, आणि मंजुळा बरी होत आलीय. तेवढ्यात सासू गुडघ्यांवर पुढे सरकली आणि सुपावर वाकून मोठ्याने म्हणाली, "बाई, मी हिची सासू. मना एकच सांग. ही पोरीला इहिरीत टाकल का?"

सगळ्या माना सुपाकडे वळल्या.

"आजी," बाई म्हणाल्या, "हे तुम्ही तिला कधी विचारलंत का? मंजुळा, त्या दिवशी तुम्ही मला जे सांगितलंत त्यावर मी..."

आणि आवाज गेला.

मी फोनकडे पाहिलं. रेंजच्या सगळ्या रेघा गेल्या होत्या. हवा बदलली की तिथे असं व्हायचं. अगदी त्याच क्षणी, अगदी तिथेच. बाईंचं उत्तर दुसऱ्यांदा माझ्यापाशीच अडकलं होतं आणि मला त्या फोनला कातळावर आपटावंसं वाटलं.

पण कोणी उठलं नाही. कोणी "फोन कटला" म्हणालं नाही. लहानूने डोळे मिटले होते. बायकांनी पदर सावरले आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांना वाटत होतं बाई थांबलीय. भगत विचारतो आणि गप्प होतो, तशी बाईही विचारून गप्प झालीय. आता आजारी माणसाने बोलायचं.

सासू म्हणाली, "बोल आता. बाई आयकतेय."

मी सांगू शकले असते, की रेंज गेलीय, पुन्हा लावते. काशिनाथच्या नजरेला फोनचा पडदा पडला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. मीही सांगितलं नाही.

बाईंशी मी नेहमी पुस्तकातल्या मराठीत बोलायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझा आजार घरच्या बोलीत सांगितला. "मना टाकायचा मन नाय, मना भेव वाटतो. इहिरीजवळून जाताना माझे हात कापतात. म्हणून मी पाणी शेंदायला जात नाय, लांबून जाते. तुमी म्हणता मास्तरीण आळशी हाय. म्हणा. मी पोरीला एवढी घट धरते की ती रडते. आनि तुमी तिला दूध पाजायला आनता, माझ्या हातांवर नजर ठेवून बसता, तवा मनाच वाटाया लागतो की मी भुताळी हाय. मी भुताळी नाय. मी आजारी हाय आनि बरी होतेय. रविवारी मी बाईशी बोलनार. इठं बोलीन, बूथवर बोलीन, तुमी आयका नायतर कान झाका. पन माझी पोर मना पायजे."

बोलता बोलता मी उभी राहिले होते ते मला नंतर कळलं. आवाज फुटला होता, नाक वाहत होतं, आणि मला कोणाचीही लाज वाटत नव्हती. जिने मला पोट भरलेली बाई म्हटलं होतं ती पदराने डोळे पुसत होती. मला तिची दया आली नाही. मी अजून रागात होते.

लहानूने डोळे उघडले. "आजार बोलला," तो म्हणाला. "सूप उचला."

सासूने फोन काढून माझ्या हातात दिला, नारळ काखेत घेतला, सूप उचललं आणि ते डोक्यावर ठेवून परत खाली ठेवलं. तिला काहीतरी आठवलं होतं. तिने पाठीवरची गाठ सोडली, रसिकाला पुढे घेतलं आणि माझ्यासमोर धरलं.

"धर."

"आई, मना भेव वाटतो."

"वाटू दे. भेव वाटतो तं घट धर."

मी धरली. ती ऊबदार होती, झोपेतून उठलेली, आणि तिने माझी वेणी मुठीत पकडली. माझे हात कापत होते. हात कापत होते आणि मी तिला धरलं होतं.

माळावरून पाड्याकडे दोन वाटा जातात. एक लांबून, आणि एक विहिरीच्या काठाने. सासूने सूप पुन्हा डोक्यावर घेतलं आणि ती विहिरीच्या वाटेला लागली. मी रसिकाला कडेवर घेऊन तिच्या मागून चालले. पाड्यात पोहोचेपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.